तीन म्हणेपर्यंत

फोटोवाल्या बाईंनी समोर पाहिलं आणि पटकन कॅमेऱ्याआड तोंड लपवलं. आतल्या खोलीत कडी लावून झिरझिरीत कपड्यांतले फोटो काढून घेणाऱ्या बायकांना त्या बाहेर ओळख दाखवत नसत. पण मागच्या महिन्यातली लाजरी तरुणी आणि परवाच्या ठसकेबाज काकू आज घरच्या फोटोसाठी सासू-सुना म्हणून शेजारी-शेजारी बसलेल्या! "घरी कळलं तर संपलंच," दोघीही म्हणाल्या होत्या. देवा, सांभाळ, म्हणत बाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला, तर दोघींचे डोळे मिटलेले! मिटायचे, तीन म्हणताच उघडायचे, हे बाईंनीच आत शिकवलेलं. "आई, झोपलीस का? आणि तूसुद्धा?" कडेला बसलेला काकूंचा मुलगा चक्रावला. सासूला कळलं, सुनेलाही कळलं. "साहेब, तुम्हीपण मिटा! एक... दोन..." बाईंनी घाईघाईने सावरलं. त्याने मिटले. सून पांढरीफटक पडली. सासूबाईंनी हळूच तिचा गालगुच्चा घेतला. "उघडू का?" मुलाने विचारलं. सासूबाई खेकसल्या, "थांब की जरा!"