गरम जमिनीतला पाव

ओर्मुरनं फावड्यानं काळी खडी बाजूला सारली आणि खड्ड्यातून पत्र्याचा डबा वर काढला. झाकण उघडताच गोडसर वाफ आली. भोवती उभ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काल पुरला होता,” तो म्हणाला. “ना चूल, ना वीज. हा लाव्हा पुरता थंड व्हायला कितीतरी वर्षं लागतील. तोवर आमचा पाव फुकटात भाजून निघतोय!”

त्याची बायको हाल्बेरा लोण्याचं भांडं घेऊन मागे उभी होती. या काळ्या पावाचं पीठ ती शहरातल्या भाड्याच्या घरात मळून द्यायची. पण इथं आज पहिल्यांदाच आली होती, नेहमीची मदतनीस आजारी पडली म्हणून. तिनं बंदराच्या दिव्याकडे पाहिलं. मग मागच्या डोंगराकडे. मग पुन्हा दिव्याकडे. जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो अस्साच दिसायचा, फक्त जरा खालून.

“ओर्मुर,” ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली, “हे आपलं घर आहे.”

“इथंच जमीन सगळ्यात गरम आहे,” पावाचे पहिले काप तिच्यापुढे सरकवत तो तिच्याकडे न बघता पुटपुटला. “तू लोणी लाव.”

मग तो पाहुण्यांकडे वळला. “तुमच्या पायाखाली एक घर आहे बरं का! एक म्हातारा-म्हातारी राहायचे. गाव सोडा म्हणून भोंगा वाजला, तर म्हातारी मांजर शोधत बसली. म्हातारा ओरडतोय, ‘अगं, चल की आता!’ शेवटी ओढतच बाहेर आणली, आणि बघतो तर काय, मांजर आधीच गाडीत जाऊन बसलेली! तीही पुढच्या सीटवर!”

सगळे हसले. गोष्टीतल्या या जागी पाहुणे रोजच हसायचे.

हाल्बेराच्या हातातली सुरी थांबली. त्या दिवशी त्यांची मांजर स्कोट्टा सापडलीच नव्हती; निघताना तिनं तिच्यासाठी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली होती. ती गाडीत बसल्यावर ओर्मुर पुन्हा आत गेला आणि खिडकी घट्ट लावून आला. “घर गारठेल,” तो म्हणाला होता. “उद्या परत यायचंच आहे.” दुसऱ्या दिवशी पहाटे लाव्हा गावात शिरला.

“किती गोड!” पिवळ्या जॅकेटातली एक पाहुणी म्हणाली. “माझ्याकडेपण दोन मांजरं आहेत. ती मांजर आता कुठं असते हो?”

ओर्मुर डब्यात वाकून तळाशी चिकटलेला उरलेला पाव सोडवत राहिला.

“घरीच असते,” हाल्बेरा म्हणाली.

“बरं झालं बाई,” म्हणत पाहुणीनं आणखी एक तुकडा उचलला.

हाल्बेरानं एक जाड काप घेतला. त्यावर लोणी लावलं. ते लावता लावताच वितळलं. काप घेऊन ती ओर्मुरसमोर जाऊन उभी राहिली.

“घे,” काप त्याच्या तोंडाशी धरत ती म्हणाली. “गरम आहे तोवर खा.”

पाहुण्यांचे फोन वर झाले. सगळ्यांकडे एकवार बघून ओर्मुरनं तोंड उघडलं.