एकच पत्ता

"रविवारपासून हेच चाललंय!" दार उघडल्या उघडल्या काकांनी सुरुवात केली. "वायफाय लावलं की फोन नुसता 'पत्ता मिळवत आहे' म्हणतो आणि तिथंच अडकतो. दुपारी मुलीची मुलाखत आहे, तीही नेटवर. मोबाइलचं नेट या इमारतीत धड चालत नाही. वर्षभर नोकरीविना बसलीय पोर, आणि आजच हे!"

दुरुस्तीवाल्याने चपला काढल्या. काकांनी दिव्याचं बटण दाबलं तर पंखा लागला. दुसरं दाबलं, तेव्हा दिवा लागला.

"चहा विचारला असता, पण दूध नाही घरात," काका म्हणाले.

राउटर टीव्हीमागे होता. दुरुस्तीवाल्याने तो उलटा करून खाली चिकटवलेला पासवर्ड वाचला, लॅपटॉपला वायर जोडली आणि डीएचसीपीचं, म्हणजे राउटर पत्ते कसे वाटतो त्याचं पान उघडलं.

"राउटर ठणठणीत आहे साहेब. दवाखान्यात नंबर देतात ना, तसा हा प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एकेक पत्ता देतो. इथं पहिला पत्ता आणि शेवटचा पत्ता एकच टाकलाय. म्हणजे वाटायला एकच. आणि तो आधीच कुणीतरी घेतलाय."

"कंपनीचा घोळ?"

"छे. हाताने बदललंय. मुद्दाम."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दाम! इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. काका कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. आणि इथं एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न असताना कुणीतरी गुपचूप येऊन हे करून जातं. निदान सांगावं तरी! लोकांना माणुसकी म्हणून उरलेली नाही, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी मोठ्यांदा बोलूनही दाखवलं.

"घरातलंच कुणीतरी असणार," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आमच्या घरात असलं कुणी नाही!"

"बरं. किती पत्ते करू?"

"शंभर करा! बघतोच कोण आडवं येतं."

दुरुस्तीवाल्याने आकडा बदलला. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पुस्तकांच्या फळीवरचा छोटा निळा दिवा विझला आणि परत लागला.

काकांनी घाईघाईने मुलीला फोन लावला. "बघ गं आता. आलं? आलं ना!" "नीट बोल हं. घाबरू नकोस."

"मुलगी बाहेरगावी असते का?"

"नाही हो. ही काय, भिंतीपलीकडे."

दुरुस्तीवाल्याने सामान आवरलं. जाता जाता तो खिडकीपाशी थबकला. "झाडांना पाणी घाला साहेब. माना टाकल्यात बिचाऱ्यांनी."

"घालतो हो. आधी पोरीचं मार्गी लागू दे."

तो गेला. काका कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभे राहिले. राग अजून पुरता उतरला नव्हता, पण आपण अन्याय मुकाट्याने सोसला नाही, याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात फळीवरच्या निळ्या दिव्याच्या कॅमेऱ्यातून एका बाईचा ओळखीचा, शांत आवाज आला.

"काका, आमच्या घराची किल्ली तुम्हाला झाडांना पाणी घालायला दिली होती."