योसेफाला बोलायचं नसतं

"यंदा दुसरं पोर घ्या," गोटीराम म्हणाला. "ते नको."

बोलला हळूच, पण चर्च ते केवढं? कुडाच्या चार भिंती आणि वर कौलं. सगळ्यांनी ऐकलं. दाराबाहेर बसलेल्या आशानं ऐकलं, आणि तिच्या नवऱ्यानं, मंगळूनं तर ऐकलंच. गोटीराम त्याचा सख्खा मोठा भाऊ. नाताळची दुपार होती, आणि मंगळू डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात काठी घेऊन, योसेफ होऊन उभा होता.

पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्याची रीत अशी, की नाताळच्या नाटकात बाहुली ठेवायची नाही. पाड्यातलं जे सगळ्यांत नवं पोर, तेच बाळ येशू. त्याला सुपात निजवायचं आणि सूप गव्हाणीत ठेवायचं. यंदा सगळ्यांत नवं पोर आशाचं. म्हणजे मंगळूचंच म्हणायचं. पण ते पोटात राहिलं तेव्हा मंगळू पिंपळगावकडे द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला होता, आणि पाड्याचं तोंड कोण धरणार? आशाला ज्यानं त्यानं विचारून पाहिलं. तिनं ओठ उघडले नाहीत. मंगळूनं तिला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. पण पोराकडे एकदाही पाहिलं नव्हतं. उचलणं तर लांबच. आणि बाप उचलून नाव ठेवत नाही, तोवर पाड्याच्या लेखी ते पोर कुणाचंच नव्हतं.

"रीत ती रीत," तानुबाई म्हणाली. पाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. तिला उलट बोलायची सहसा कुणाची टाप नव्हती, पण गोटीराम आज हटायला तयार नव्हता.

"काकी, मरीयेचं निराळं. पुरुषाचा हात लागला नाय आन् पोर झालं, ते देवाचं काम. आपण मानतो. पर हे..."

"मरीयेचं खरंच होतं रं. पर तिच्या गावाला ते सांगाया कोण आलं होतं? देवदूत काय दवंडी पिटत फिरला नाय. एकल्या योसेफाकडं, तिच्या नवऱ्याकडं गेला." तानुबाईनं पदर खोचला. "हो बाजूला."

आणि तिनं हातातलं पोर सुपात ठेवलं.

नाटक सुरू झालं. मरीया झालेली सरिता निळ्या लुगड्यात गुडघे टेकून बसली. योसेफानं नुसतं शेजारी उभं राहायचं. बायबलात त्याच्या तोंडी एक शब्द नाही, म्हणून धनराज पास्टरांनी नाटकातही घातला नव्हता. मंगळू दर वर्षी कुरकुरायचा, "मेंढपाळांना गाणं हाय, मलाच काय नाय." यंदा कुरकुरला नव्हता.

देवदूत किशोर पांढरी चादर सावरत पुढे आला. खरं तर त्याचं वाक्य जन्माच्या आधीचं. पण पाड्याचं नाटक एका दमात उरकायचं, त्यामुळे तो यायचा तेव्हा बाळ सुपात पडलेलंच असायचं.

"योसेफा, भिऊ नको," किशोर म्हणाला. "मरीयेच्या पोटचं हे पवित्र आत्म्यापासून हाय. ह्याचं नाव तू ठेव."

दर वर्षी ऐकलेलं वाक्य. पण आज मंगळूची मान आपोआप खाली वळली. त्यानं पहिल्यांदा पाहिलं. पोर जागं होतं. मूठ तोंडाशी नेत होतं, ती चुकून नाकाला लागत होती. डोळे टक्क उघडे.

 आजवर मंगळूला वाटायचं, ह्या गोष्टीतलं नवल म्हणजे बापाविना पोर झालं. अरे, ज्यानं हे डोंगर उभे केले त्याला त्यात काय अवघड? नवल तर पुढेच होतं. डोंगर उभे करणारा तो, वीतभर होऊन असाच पडला होता, आणि कुणी उचलतंय का म्हणून एका सुताराच्या, योसेफाच्या तोंडाकडे बघत होता. सुतार नाही म्हणाला असता तर?

काठी खाली पडली. मंगळूनं वाकून पोर उचललं. कसं धरायचं ते त्याला येत नव्हतं; मान कलंडली तशी त्यानं घाईनं छातीशी लावलं.

"मंगळू, उचलायचं नाही," पास्टर कुजबुजले. "आता मेंढपाळ."

मंगळूनं ऐकलंच नाही. त्याला धाप लागली होती, डोंगर चढून आल्यासारखी.

"बुधवारी झाला," तो म्हणाला. "बुधा."

म्हणजे वार त्याला ठाऊक होता! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोटीराम खाली मान घालून पायानं जमीन उकरत होता. दाराबाहेर आशा भिंतीला धरून उठली.

"अर्धं नाव कुणी ठेवतं काय?" तानुबाई पुढे आली. "पुरं सांग."

मंगळूनं दाराकडे पाहिलं. आशाकडे. पोराला टॉवेलाचं टोक पांघरलं.

"बुधा मंगळू गावीत," तो म्हणाला.

मेंढपाळांचं गाणं अजून सुरू व्हायचं होतं. पण मेंढपाळ ते न गाताच आत आले, आणि गव्हाणीतलं सूप रिकामं बघून मंगळूच्या पुढ्यात गुडघे टेकून बसले.