आक्कांची खिडकी

तिसरी काच फुटली तशा आक्का थेट गल्लीत आल्या. तालमीच्या फुटबॉल टीमला सरावाला मैदान मिळत नव्हतं, म्हणून आबा कोचनी आक्कांच्याच घराच्या भिंतीवर खडूनं गोल आखला होता, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची खिडकी येत होती.

तिन्ही काचा इंद्रजितनं फोडल्या होत्या. किक तिन्ही वेळा अचूक कोपऱ्यात बसली होती, पण आक्कांच्या तोंडाला कोण लागणार? आबांनी त्याला पेनल्टीतून काढलं आणि महिनाभरात एकही काच न फोडणारे पाच जण निवडले. "पोरांच्या पायाला शिस्त पायजे," ते म्हणाले.

फायनल बरोबरीत अडकली. आमची पहिली पेनल्टी डावीकडं गोलात गेली, दुसरीही डावीकडंच. तिसरीला समोरचा गोलकीपर सरळ त्या बाजूला जाऊन उभा राहिला. उजवीकडं अख्खा गोल मोकळा होता. आमच्या पोरानं बॉल त्याच्या हातात नेऊन दिला. चौथ्यानंही तेच केलं, आणि कप गेला.

मैदानाच्या गॅलरीत मॅच बघायला आलेल्या आक्का उठून उभ्या राहिल्या.

"आरं मुडद्यांनो," त्या ओरडल्या, "तितं कुठं माझी खिडकी हुती?"