खोलीखालची ओल

"शुक्रवारचं तिकीट मिळतंय, आई. काढून टाकतो," संदेश म्हणाला.

"खोकला गेल्याशिवाय मी इथून हलायची नाही," मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, मोबाइलचा दिवा लावला आणि अंगणात गुडघे टेकून सरळ खोलीखाली डोकं घातलं.

आखातातल्या झिंज वस्तीतलं ते जुनं बैठं घर. घरमालकानं मागच्या अंगणात एक खोली वाढवलेली. सिमेंटच्या ठोकळ्यांवर उचललेली, प्लायवूडच्या जमिनीची. जमीन आणि माती यांच्यात दोन फुटांची पोकळी. खोली खरं तर सात वर्षांच्या अपेक्षाची. मार्चमध्ये गुहागरहून आजी आली, तशी ती आईबाबांच्या खोलीत निजायला गेली. महिनाभरात मथुराबाईंना खोकला लागला. जून संपता संपता छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. डॉक्टरांनी औषधाचा पंप दिला. वय झालंय, इथली हवा मानवत नाही, असं संदेशनं आणि त्याच्या बायकोनं, मृणालीनं, आपसात ठरवून टाकलं.

मथुराबाईंना ते पटलं नव्हतं. "अंगणात बसले की छाती मोकळी होते," त्या म्हणायच्या. "हवा बाहेर वेगळी नि आत वेगळी असते होय?"

संदेशला वाटायचं, गावच्या घरात एकटीनं राहायचं आईच्या जिवावर आलंय. म्हणून हे सगळं.

"इकडे ये," खोलीखालून आवाज आला. "नि तोंडाला फडकं बांध."

तो वाकला. आतून कुबट वाफ तोंडावर आली. एसीच्या पाण्याची नळी खोलीखालीच सोडलेली होती. माती चिखल झाली होती. कुणीतरी कोंबून ठेवलेले जुने गालिचे आणि पुठ्ठ्याचे खोके त्यात कुजत पडले होते. मथुराबाईंनी दिवा वर धरला. आईच्या पलंगाच्या बरोबर खाली सगळं प्लायवूड काळ्याहिरव्या बुरशीनं भरलं होतं.

घरमालकाला फोन केला. तो म्हणाला, आतून रंग मारून देतो, बाकीचं हिवाळ्यात बघू.

"रंग डाग झाकेल. ओल कशी झाकेल?" मथुराबाई म्हणाल्या. "त्याला म्हणावं, तू परवानगी दे. काम आम्ही करतो."

संदेशनं जवळच्या सलमाबादहून एसीवाल्या गुंडूला बोलावलं. गुंडू कुडाळचा. मथुराबाईंना हातमोजे चढवताना बघून तो घाबरला.

"काकी, तुमी नको. मी जातंय."

"तू नळी बघ. चिखल मी बघते."

जुलैचे तीन शुक्रवार गेले. पहाटे पाचला सुरुवात, ऊन चढलं की खलास. गुंडूनं नळी लांबवून थेट गटारात सोडली. पहिल्या शुक्रवारी संदेश कपाळाला आठ्या घालून नुसता उभा होता. आई सरपटत आत गेली, कुजका गालिचा ओढत बाहेर आली, दम लागला म्हणून भिंतीला टेकली आणि पुन्हा आत निघाली. तेव्हा त्यानं शर्ट काढला आणि तिच्या हातातलं घमेलं घेतलं. मग मात्र तो थांबला नाही. चिखल काढला. कुजलेल्या दोन फळ्या बदलल्या. उरलेलं लाकूड साबणाच्या पाण्यानं घासून काढलं. आठवडाभर दोन पंखे लावून सगळं खडखडीत वाळवलं. मग मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि त्याच्या कडा चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. समुद्राची दमट हवा आत शिरू नये म्हणून बाजूच्या फटी बंद केल्या; हात जाईल एवढं एक झाकण तेवढं ठेवलं.

तेवढे दिवस मथुराबाई हॉलमध्ये निजल्या. काम संपलं त्याच दिवशी त्यांनी गादी पुन्हा त्या खोलीत टाकली.

"इतक्यात कशाला, आई? हॉलमध्येच निजा की," मृणाली म्हणाली.

"नाही. इथंच. निदान महिनाभर तरी."

ऑगस्टमध्ये भिंतींना घाम फुटावा अशी हवा होती. मथुराबाई रोज सकाळी प्लास्टिकवर हात फिरवून बघायच्या. हात कोरडा यायचा. पहिल्या आठवड्यात खोकला कमी झाला. तिसऱ्यात शिट्टी थांबली. सप्टेंबर उजाडला तेव्हा पंप कपाटात पडून होता आणि मथुराबाई त्या खोलीत सलग आठ तास झोपत होत्या. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हसून मान हलवली.

घरी आल्या आल्या त्या म्हणाल्या, "संदेश, आता काढ तिकीट."

"आता?" त्याला काही कळेना. "आता तर ठणठणीत झालीस. एवढी धडपड केलीस ती राहायसाठीच ना? राहा की डिसेंबरपर्यंत."

"भाताची कापणी आलीय. मला माझं घर आहे." मथुराबाई पलंगावर अपेक्षाची चादर अंथरत होत्या. "मार्चपासून पोर तुमच्या खोलीत निजते. नि मार्चपासूनच तिच्या सकाळच्या शिंका बंद आहेत. तुम्हाला वाटलं, औषध लागू पडलं."

संदेशनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

"जुलैत मी गेले असते, तर म्हातारीबरोबर खोकलाही गेला असं तुम्ही म्हणाला असतात," चादरीची सुरकुती हातानं काढत मथुराबाई म्हणाल्या, "नि त्याच रात्री पोरीला परत इथं निजवलं असतं."