बाळंतिणीचं सामान

ट्रंकेचं झाकण उचलताच वास आला आणि उजुन्वानं एकेक पुडी उघडून पाहिली. उझिझाची मिरी, काळ्या शेंगा, धुरावर सुकवलेली मासळी. बाळंतिणीला पाजायच्या तिखट रश्श्याचं सगळं सामान! या घरात आठ वर्षांत पाळणा हलला नव्हता. मग सासूबाईंनी हे कुलपात कुणासाठी ठेवलं होतं? आज कुलूप लावायला विसरल्या, म्हणून कळलं तरी.

फार डोकं चालवावं लागलं नाही. नवरा, ओक्वुदिली, एनुगूला ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. तिकडे कुणीतरी असणार, आणि तिचे दिवस भरत आले असणार. महिन्यापूर्वी मायलेक अंगणात कुजबुजत होते, ही दिसताच गप्प झाले. शिवाय दर वर्षी सासूबाई एक गाठोडं कुठेतरी पोचवून यायच्या, ते वेगळंच. आठ वर्षं चर्चमध्ये गुडघे झिजवले, त्याचं हे फळ! आता सवत येणार आणि आपली जागा चुलीमागे.

न्क्वोच्या बाजारादिवशी सासूबाई टोपलीत गाठोडं घालून निघाल्या, तशी तीही अंतर ठेवून मागे गेली. सासूबाई ओढ्यापलीकडे, नव्या मास्तरांच्या घरी शिरल्या. ओट्यावर ओली बाळंतीण बसली होती. उजुन्वानं कुंपणाआडून आधी बाळाचं नाक न्याहाळलं. ओक्वुदिलीचं नव्हतं, हुबेहूब मास्तरांचं होतं. तरी तिचं मन मानेना.

परतताना तिनं सासूबाईंना वाटेतच गाठलं.

"खरं सांगा आई, ते ट्रंकेतलं सामान कुणाचं?"

"तुझं."

"माझी थट्टा करता?"

"थट्टा कसली गं! तुझी आई नाही. तुझं बाळंतपण करायला कोण येणार, पाद्रीबाबा? मीच ना? लग्न झालं तेव्हाच भरून ठेवलं. पण मिरी वर्षभरात फुसकी होते. म्हणून जुनं कुणा बाळंतिणीला देऊन टाकते, तुझ्यासाठी नवं भरते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. पैसे ओक्वुदिली देतो. तुला सांगू नको म्हणाला, तुझ्या जिवाला लागेल म्हणून."

उजुन्वाला रडूच फुटलं. आठ वर्षं देवाकडे मागत होती ती. पण देव देणारच असं धरून तयारी केली होती या म्हातारीनं. तिला स्वतःचीच लाज वाटली. डोळे पुसून तिनं सासूबाईंच्या डोक्यावरची टोपली आपल्या डोक्यावर घेतली आणि दोघी बाजाराकडे वळल्या.

"चांगली सुकलेली काढ," उजुन्वानं मासळीवालीला सांगितलं. "बाळंतिणीसाठी हवीय."

मासळीवालीनं तिच्या सपाट पोटाकडे पाहिलं आणि शेजारणीला डोळा मारला. "अगंबाई! तुमच्या घरात बाळंतीण कोण?"

सासूबाई भांडायला तोंड उघडणार, तोच उजुन्वा म्हणाली, "मी. अजून वेळ आहे मला, पण मासळी आजच हवीय."