तीस, वीस, दहा

"अजून आहे म्हणायचा?" गिलिसेनआजोबांनी दारातूनच विचारलं.

"आहे हो आजोबा! जातोय कुठे?" कोराली हसली आणि तिने हिरवा लोकरी कोट पुढे केला.

बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या त्या दुकानात लोक आपले कपडे विकायला ठेवून जात. ठेवून घ्यायचं काम मालकीणबाईंचं, विकायचं कोरालीचं. आलेल्या पैशातले अर्धे ज्याचा कपडा त्याला. महिन्याने तीस टक्के सूट, पुढच्या महिन्यात उरलेल्या किमतीवर वीस, मग पुन्हा उरलेल्यावर दहा. तरीही पडूनच राहिला, तर दानाच्या गाडीत. ती गाडी आज संध्याकाळी येणार होती.

आजोबा दर शनिवारी यायचे. कोटाची बाही कुरवाळायचे, न बघताच त्याचं ढिलं बटण लावायचे आणि विचारायचे, "कुणी चौकशी केली का गं?" कोरालीचा जीव तुटायचा. दुसऱ्याच कुणी उचलला तर? म्हणून ती कोट आठवडाभर मागच्या खोलीत दडवून ठेवायची, शनिवारी तेवढा बाहेर काढायची.

"थंडीच्या आत झालं म्हणजे बरं," ते एकदा पुटपुटले होते. "आत्ताच दोघं घरात दोन-दोन स्वेटर घालून बसतो."

आज ते बोटं मोजत होते. "तीस, वीस, दहा. साठ टक्के गेले की! एकशेवीसचे राहिले अठ्ठेचाळीस." त्यांचा चेहरा पार उतरला.

अठ्ठेचाळीससुद्धा जड जातात बिचाऱ्यांना! पण खरं सांगणं भाग होतं.

"तसं नसतं आजोबा. एकशेवीसचे झाले चौऱ्याऐंशी. त्यातले वीस टक्के गेले की सदुसष्ट युरो वीस. त्यातले दहा टक्के गेले की साठ युरो अठ्ठेचाळीस."

"साठ?" त्यांचे डोळे चमकले. "नक्की?"

मानी माणूस, उसना आव आणतोय, असं कोरालीला वाटलं. तिला राहवेना. "तुम्ही अठ्ठेचाळीसच द्या. वरचे मी घालते."

"मी देऊ?"

"मग काय! तुमच्यासाठीच तर इतके दिवस दडवून ठेवलाय. कितीजणी विचारून गेल्या! एक तर पहिल्याच आठवड्यात पूर्ण एकशेवीस मोजत होती. सगळ्यांना सांगितलं, विकला गेला म्हणून."

आजोबा हळूच खुर्चीवर टेकले.

"पोरी," ते म्हणाले, "हा माझ्या बायकोचा, जानीनचाच कोट. विकला गेला की हीटरचं तेल भरणार होतो."